टर्बो गाडीला डाउनपाइप टाकायचाय? मग गॅरेजला जायच्या आधी हे वाचा

पोलो जीटी, व्हर्टस, स्लाविया, आय-२० एन लाइन, जुनी ऑक्टाव्हिया, असल्या टर्बो पेट्रोल गाड्या आता एमएच ११, एमएच १० आणि एमएच ५० (सातारा, सांगली, कराड) पासिंगमध्ये भरपूर दिसायला लागल्यात, आणि नव्याची नवलाई संपली की मालकाच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, डाउनपाइप टाकू का. बहुतेकांना तो पाहिजे असतो आवाजासाठी. टोमणा मारत नाही, आवाज कुणाला आवडत नाही, पण डाउनपाइप आवाजावरून निवडला की पैसे पाण्यात गेले समजा. बघायच्या गोष्टी दोनच, फ्लँज (टर्बोला जोडायची सपाट चकती) नीट बसते का आणि आत कॅट (धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर) कसला आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी ही वस्तू करते काय ते बघू. टर्बोमधून गॅस बाहेर पडला की ज्या पहिल्या पाइपात शिरतो तो डाउनपाइप. आजकालच्या गाड्यांत कॅटलिटिक कन्व्हर्टर टर्बोला चिकटून याच पाइपात असतो, कारण कॅट साधारण २५०-३०० डिग्रीपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही आणि इंजिनजवळ तो लवकर तापतो. कंपनीच्या कॅटला दर चौरस इंचात चारशे, सहाशे अशी बारीक भोकं असतात, गॅस त्यातून रेटावा लागतो, म्हणजे टर्बाइनच्या (टर्बोतल्या पंख्याच्या) बाहेर दाब साठतो. आणि टर्बाइन फिरते ती आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दाबातल्या फरकावर. बाहेरचा दाब कमी केला की तोच टर्बो थोडा लवकर बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) धरतो आणि वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं पळतं. एवढंच. जादू काही नाही.

आता जे विकणारा सांगत नाही ते. नुसता पाइप बदलून मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग) कंपनीचाच ठेवला तर फरक थोडाच पडतो. कारण ईसीयू, म्हणजे तो कॉम्प्युटर, टॉर्कचा हिशोब धरून चालतो, त्याला ठरलेला बूस्ट मिळाला की तो वेस्टगेट (टर्बोतली बायपासची झडप) उघडून जादाचा गॅस बाजूने सोडून देतो. तुम्ही वाट मोकळी केली तर तो वेस्टगेट अजून जास्त उघडतो आणि टॉर्क तिथंच धरून ठेवतो. लॅग (ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बो जागा व्हायला लागणारा वेळ) जरा कमी वाटतो, आवाज वाढतो, आणि मित्र म्हणतात गाडी लय पळायला लागली. खरा फायदा घ्यायचा तर पाइपाबरोबर त्याच पाइपासाठी केलेला मॅप लागतो, ज्याला स्टेज २ म्हणतात. म्हणजे बजेट काढताना पाइप, गॅस्केट, क्लॅम्प, मजुरी आणि मॅप असं सगळं एकत्र धरा. नुसत्या पाइपापुरते पैसे असतील तर थांबा, ते टायर आणि ब्रेक पॅडवर घाला, घाटात त्याचा उपयोग जास्त होईल.

कायद्याचं आधीच बोलून घेतो, नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मालकाला मनाने बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे असा बदल केलेल्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचं कलम १९० वेगळं, तिथं पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर लायसन्स तीन महिने बाद. वॉरंटीतली गाडी असेल तर इंजिन-टर्बोच्या क्लेमला कंपनी हात वर करणार, आणि इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलेला बदल अपघाताच्या वेळी नडतो. म्हणजे काटेकोर बोलायचं तर हे काम ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचं, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. रोजच्या गाडीला करायचं का हे प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर ठरवावं, आणि करायचंच असेल तर निदान कॅट तरी ठेवा.

कॅट ठेवायचा की काढायचा

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक डीकॅट, म्हणजे सरळ रिकामा पाइप. दुसरा हाय-फ्लो कॅटवाला, ज्यात चौरस इंचाला दोनशेच्या आसपास भोकं असतात. डीकॅट स्वस्त, आवाज मोठा, आणि सोशल मीडियावर सगळे त्याचीच वाहवा करतात. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला डीकॅट लावूच नका. सिग्नलला थांबलात की कच्च्या पेट्रोलचा वास केबिनमध्ये येतो, मागच्या सीटवर पोरं असतील तर त्यांना मळमळतं. पीयूसीला बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम अशी मर्यादा आहे, रिकाम्या पाइपाची गाडी तिथं प्रामाणिकपणे पास होणं मुश्किल. आणि चेक इंजिनचा लाइट लागतोच. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, कॅट चांगला असला की मागच्या सेन्सरचं रीडिंग शांत राहतं, कॅटच नसला की मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागतो, आणि ईसीयू पी०४२० कोड टाकतो. मग कोण सेन्सरला स्पेसर लावतो, कोण मॅपमधून मागचा सेन्सरच बंद करतो. लाइट जातो, धूर तसाच राहतो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या बीएस-६ फेज २ गाड्यांत तर ईसीयू धुराच्या सगळ्या यंत्रणेवर अजून बारीक नजर ठेवतो, तिथं हे खेळ आणखी अंगाशी येतात.

हाय-फ्लो कॅट घेतानाही डोळे उघडे ठेवा. स्वस्तातले कॅट वर्ष-दोन वर्षांत आतून मोकळे होतात, कारण आतला प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर नावापुरताच असतो. सिरॅमिकपेक्षा मेटल सबस्ट्रेटचा (आतली जाळी धातूची) घ्या, टर्बोच्या इतक्या जवळ सिरॅमिक तडकून त्याचे तुकडे पुढे मफलरमध्ये अडकतात. दोन सेन्सरसाठी दोन बंग (सेन्सर बसवायची आट्यांची तोंडं) आहेत का, आणि कॅटच्या आधी एक, नंतर एक असे बरोबर जागी आहेत का, हे बघूनच पैसे द्या.

डिझेलवाल्यांनी विचारायच्या आधीच सांगतो, बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तो काढून काळा धूर ओकत फिरणं हा विषय इथं नाही.

व्यास, पत्रा आणि वेल्डिंग

मोठा पाइप म्हणजे जास्त पॉवर असं समीकरण डोक्यातून काढा. १.० लिटर तीन सिलिंडरला अडीच इंच भरपूर झाला, तीन इंच १.८ किंवा २.० लिटरवाल्यांसाठी. आणि डाउनपाइप तीन इंची घेऊन पुढचा सगळा पाइप कंपनीचा बारकाच ठेवला तर अडथळा फक्त दोन फूट मागे सरकला, गेला नाही.

धातूचं नीट ऐका, कारण इथं फसवणूक जास्त. कंपनीचा पाइप बहुतेक वेळा ४०९ ग्रेडच्या स्टीलचा असतो, त्याला चुंबक चिकटतं. आफ्टरमार्केटवाले ३०४ सांगतात, त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. म्हणून लोक चुंबक लावून बघतात आणि खूष होतात, पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि ते बरंच स्वस्त असतं. पावसाळा दोन झाले की वेल्डच्या कडेने तांबेरा दिसायला लागतो. स्टीलच्या भंगारवाल्यांकडे ग्रेड तपासायचं लिक्विड असतं, एक थेंब टाकून बॅटरीचा करंट दिला की रंगावरून २०२ ओळखू येतं. महाबळेश्वर, कास, कोयनेकडच्या पावसात गाडी जाणार असेल तर हा एक थेंब टाकून घ्याच. पत्र्याची जाडी दीड मिलिमीटर तरी हवी.

आता आपल्या भागाची एक जमेची बाजू. ऑनलाइन मागवलेला पाइप जागेवर बसला नाही, किंवा तुमच्या मॉडेलला तयार मिळतच नाही, तर कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत स्टेनलेसचं काम करणारे लोक आहेत. त्यातही डेअरीच्या टाक्या आणि पाइपलाइन करणारा शोधा. आपण ज्याला आर्गॉन वेल्डिंग म्हणतो ते त्यांचं रोजचं काम, आणि दुधाच्या पाइपात आतून खडबडीत वेल्ड चालत नाही म्हणून ते पाइपाच्या आतही आर्गॉन सोडून वेल्ड मारतात. गाडीच्या कामात हेच नव्वद टक्के लोक टाळतात. आतून आर्गॉन नसला की वेल्डच्या मागे काळी, दाणेदार, फुगलेली कड तयार होते, तिथूनच पुढे चिर जाते. पाइपाच्या तोंडातून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा, वेल्डची रेघ आतून सपाट आणि फिक्या सोनेरी-निळ्या रंगाची दिसली पाहिजे.

फ्लँज तपासायची एक पद्धत मिरजेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे बघितलेली, तीच मी सगळ्यांना सांगतो. टेबलावर जाड काचेचा तुकडा ठेवायचा, त्यावर फ्लँज पालथी घालायची आणि पेट्रोल पंपाची पातळ पावती चारी बाजूंनी खाली सरकवून बघायची. पावती कुठून आत गेली की तिथं फ्लँज वाकलेली आहे. त्यांनी समोरच्याने आणलेला चकचकीत पाइप असा ठेवला, पावती एका बाजूने आरपार निघाली, आणि म्हणाले, "पाव्हणं, पॉलिश झकास केलंय, पण हे टर्बोला बसणार नाही, शिट्टी वाजवत बसंल." वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकते, जाडी १० मिलिमीटरच्या खाली असली की हमखास. वाकलेली असेल तर सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या, नुसतं गॅस्केट जाड टाकून भागत नाही.

दुसरी तपासणी वेस्टगेटची. टर्बोच्या आत वेस्टगेटची झडप उघडते ती डाउनपाइपच्या तोंडाकडेच. पाइपाचं तोंड अरुंद असेल किंवा वेल्ड आत आलेलं असेल तर झडप पूर्ण उघडत नाही, बूस्ट हाताबाहेर जातो आणि गाडी पी०२३४ कोड टाकून लिम्प मोडमध्ये (ताकद कापून जेमतेम चालायच्या अवस्थेत) जाते. पाइप टर्बोला घट्ट करायच्या आधी झडप हाताने किंवा व्हॅक्यूम पंपाने उघडून बघा, कडेला कुठं घासत नाही ना.

आणि फ्लेक्स जॉइंट, म्हणजे पाइपातला वाकणारा जाळीदार तुकडा. याशिवाय पाइप घेऊच नका. ३०४ स्टीलचा एक मीटर पाइप ५०० डिग्रीने तापला की आठ-नऊ मिलिमीटर लांबतो, आणि पुढचं इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन पुढे-मागे झोके घेतं. हे सगळं सहन करायला मधे फ्लेक्स लागतो. नसेल तर जोर टर्बोच्या स्टडवर (फ्लँज धरणाऱ्या आटेवाल्या दांड्यांवर) येतो, आणि तुटतात ते स्टड.

बसवायचं काम

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गडबडीत गरम इंजिनवर हात घालू नका, टर्बोच्या तोंडाशी ८००-९०० डिग्रीचा गॅस येतो, तास-दोन तासांत ते थंड होत नाही. आदल्या दिवशी सगळ्या नट-स्टडवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. काम लिफ्टवर किंवा पिटवर. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जाणारा माणूस मला दिसला तर मी आधी त्याला बाहेर ओढतो, जॅक स्टँड नसेल तर काम नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. खालचं प्लास्टिक कव्हर, हीट शील्ड काढा, प्रत्येक जागचे बोल्ट वेगवेगळ्या डब्यात ठेवा. मग सेन्सरचे कनेक्टर आधी सोडवा आणि नंतर सेन्सर. सेन्सरचे आटे १८ मिलिमीटरचे, पाना २२ चा, पण साधा सॉकेट वायरीवरून जात नाही, फट असलेला ऑक्सिजन सेन्सरचा सॉकेट लागतो. पुढचा आणि मागचा सेन्सर वेगळे असतात, काढल्या काढल्या टेप लावून लिहून ठेवा. सेन्सरचं टोक जमिनीवर आपटलं की तो गेला, बाहेरून काही दिसणार नाही, पण आतलं सिरॅमिक तडकतं.

टर्बोकडची जोडणी गाडीप्रमाणे बदलते. काहींत तीन-चार स्टडची फ्लँज, काहींत व्ही-बँड क्लॅम्प, म्हणजे गोल आवळणारा पट्टा. स्टड गंजलेले असतील तर लांब पान्याने जोर लावू नका, थोडं घट्ट, थोडं सैल असं करत फिरवा, नाहीच हलला तर गॅसने नट तापवा. स्टड टर्बोच्या हाउसिंगमध्ये तुटला तर अख्खा टर्बो उतरवायची पाळी येते आणि एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं. व्ही-बँड क्लॅम्प आणि गॅस्केट जुनं वापरू नका. दोन्ही नवीन घ्या, कंपनीचंच घ्या, इथं पैसे वाचवून काहीच मिळत नाही.

नवीन पाइप बसवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक टोक कचकन घट्ट करून दुसरं टोक ओढून जुळवणं. सगळे बोल्ट आधी हातानेच, सैल लावा. पाइप हँगरच्या रबरांवर टांगा. मग गाडीखाली आडवं पडून टॉर्चने प्रत्येक वळणाशी बघा, स्टिअरिंग रॅकचं रबर, ड्राइव्हशाफ्टचं बूट, ब्रेकची नळी, वायरिंग, यापासून दोन बोटं तरी अंतर हवं. नसेल तर शील्ड लावा. अंतर जमलं की घट्ट करायला सुरुवात टर्बोच्या बाजूने, मग मागे मागे. टॉर्क रेंच वापरा आणि आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. व्ही-बँड घट्ट करताना मधेमधे क्लॅम्पला गोल फिरून हलके ठोके द्या म्हणजे सगळीकडून सारखा बसतो.

सेन्सर परत लावताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी थोडं, टोकाला अजिबात नाही. कुठे गळतंय म्हणून साधं सिलिकॉन सीलंट लावाल तर त्याची वाफ सेन्सरला कायमची मारते, सीलंट टाळाच. बंग पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात हवा, टोक खाली बघणारं, म्हणजे सकाळी पाइपात साठलेलं पाणी सेन्सरवर जाणार नाही. वायर गरम पाइपाला टेकत असेल तर प्लास्टिकची टाय चालत नाही, स्टीलची वापरा.

पाइपावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या गुंडाळायची फॅशन आहे, एक्झॉस्ट रॅप. ट्रॅकवर ठीक. आपल्याकडे पावसाचे चार महिने ती पट्टी पाणी धरून बसते आणि पाइप आतल्या आत सडतो. उष्णता आवरायची असेल तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या किंवा टर्बोला ब्लँकेट घाला.

पहिला स्टार्ट आणि पुढचे दिवस

पहिल्यांदा चालू केल्यावर हाताचं तेल, स्प्रे जळून थोडा धूर आणि वास येणार, पाच-दहा मिनिटांत थांबतो. नाही थांबला तर बंद करून बघा. गळती शोधायची सोपी रीत, गाडी थंड असतानाच चालू करा, एकाला मागे जाड फडकं धरून सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा आणि तुम्ही जोडांवर साबणाचं पाणी मारा. फुगे आले तिथं गळती. टिक-टिक असा आवाज येत असेल आणि गाडी तापल्यावर जात असेल तरी ती गळतीच. पुढच्या सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि मायलेज झोपतं. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा, अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर निवांत राहा.

मॅप करून घ्यायचा असेल तर एक गोष्ट ट्यूनरला ठणकावून सांगा, मॅप तुम्ही रोज भरता त्या पेट्रोलवर हवा. पुण्यात हाय-ऑक्टेन टाकून काढलेला आकडा कराड-इस्लामपूरच्या पंपावरच्या पेट्रोलवर टिकत नाही, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) सुरू होतं. आणि घाटाचं गणित वेगळं. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्क्यांनी कमी, म्हणजे तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. पुण्याच्या डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) टोकाला नेलेला मॅप पसरणीच्या घाटात ऊस किंवा वाळूच्या गाडीमागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडला की तापायला लागतो, खालून वारं नसतं. थोडी जागा ठेवून ट्यून करायला सांगा.

आवाजाचंही एक. हायवेला सहाव्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार आरपीएमवर चार सिलिंडरचा घुमारा ७०-८० हर्ट्झच्या आसपास येतो, आणेवाडी टोलपासून तासवडे टोलपर्यंत डोकं उठतं. म्हणून मधला रेझोनेटर (घुमारा मारणारा डबा) आणि मागचा मफलर कंपनीचाच राहू द्या. रात्री गल्लीत कोल्ड स्टार्टला शेजारचे काका बाहेर येऊन उभे राहत नाहीत हा फायदा वेगळाच.

साधारण शंभरेक किलोमीटर फिरल्यावर गाडी पूर्ण थंड करून सगळे नट परत टॉर्क रेंचने तपासा, पहिल्या तापण्या-थंड होण्यात गॅस्केट थोडं बसतं. उन्हाळ्यात यवतेश्वर, कासकडे सुक्या गवतात गाडी लावू नका. कॅटवाला पाइप असो की नसो, खालचा भाग एवढा तापलेला असतो की गवत पेटतं, आणि त्या डोंगरांना वणवे कमी नाहीत.

जुना पाइप गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नका. "राहू दे की दादा, मी टाकतो भंगारात" असं कुणी प्रेमाने म्हणालं तर समजून जा, त्याला कॅटमधल्या धातूची किंमत माहिती आहे. सेन्सरच्या भोकांत बोळे घाला, पाइप प्लास्टिकमध्ये गुंडाळून जुन्या बोल्टच्या डब्यासकट घरी माळ्यावर ठेवा. गाडी विकताना तोच परत लावायचाय.